कॅरोटिड दिसायच्या आधी ओळखायला शिकताना

आमच्या स्कल बेस, म्हणजे कवटीच्या तळाच्या सर्जरीच्या लॅबचा एक नियम होता, ज्याने स्वतःच्या हाताने एक डोकं रक्तवाहिन्यांत रंग भरून तयार केलेलं नाही त्याने एंडोस्कोपला (नाकातून आत घालायच्या दुर्बिणीला) हात लावायचा नाही. फेलोशिपला लागले तेव्हा सरांनी सगळ्यात आधी हेच सांगितलं. मला हा नियम अजूनही फार योग्य वाटतो, कारण कवटीच्या तळाच्या आर्टरी आणि व्हेन्स मला त्या तयारीत जेवढ्या कळल्या तेवढ्या कुठल्याही लेक्चरमधे कळल्या नव्हत्या. म्हणून सगळं क्रमाने लिहून काढतेय. या वाटेला नवीन लागलेल्यांना उपयोग होईलच, पण डॉक्टर नसलेल्या आणि घरात कुणाचं पिट्युटरीचं किंवा कानामागच्या ट्युमरचं ऑपरेशन झालेल्या लोकांनाही समजेल की आत सर्जन एवढा वेळ नेमका कशात घालवतात.

तर ते डोकं म्हणजे देहदान केलेल्या कुणा माणसाचं. काम सुरू करायच्या आधी आम्ही थोडा वेळ शांत उभे राहायचो, त्यात कुणी घाई करायचं नाही. मग मानेच्या कापलेल्या बाजूला सहा मोठ्या रक्तवाहिन्या शोधायच्या. दोन कॅरोटिड आणि दोन व्हर्टिब्रल, या मेंदूला रक्त नेणाऱ्या आर्टरी, आणि दोन इंटर्नल ज्युग्युलर, या ते रक्त परत आणणाऱ्या व्हेन. व्हर्टिब्रल शोधायला सगळ्यात त्रास होतो कारण ती मणक्याच्या बाजूच्या भोकातून वर येत असते, हाड थोडं कुरतडून तिला मोकळं करावं लागतं. प्रत्येकीत कॅन्युला, म्हणजे बारीक नळी, घालून दोऱ्याने घट्ट बांधायची आणि मग पाणी सोडायचं. आधी काळपट गुठळ्या बाहेर येतात, मग चहाच्या रंगाचं पाणी, आणि पुन्हा पुन्हा धुतल्यावर कधीतरी एकदाचं स्वच्छ पाणी यायला लागतं. हे काम कंटाळवाणं आहे असं लोक म्हणतात पण माझा तो सगळ्यात आवडता भाग होता, कारण उजव्या कॅरोटिडमधे पाणी सोडलं की ते डाव्या कॅरोटिडमधून आणि खालच्या दोन्ही व्हर्टिब्रलमधून बाहेर येतं आणि सर्कल ऑफ विलिस, मेंदूच्या तळाशी या आर्टरींना एकमेकींशी जोडणारं वर्तुळ, म्हणजे काय ते डोळ्यांसमोर वाहताना दिसतं. थॉमस विलिसने 1664 च्या पुस्तकात ते वर्णन केलं, त्यातली चित्रं काढणाऱ्यांत क्रिस्टोफर रेन होता, तोच पुढे मोठा आर्किटेक्ट म्हणून गाजलेला. विलिसनेही रक्तवाहिनीत रंगीत द्रव सोडूनच ही जोडणी पाहिली होती, म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वीचा प्रयोग आम्ही नळाच्या पाण्यावर परत करत होतो.

पण आमच्या डोक्यात उजवीकडून सोडलेलं पाणी व्हर्टिब्रलमधून फार उशिरा आणि थेंब थेंब आलं. डावीकडून सोडलं तर लगेच. मी कॅन्युला हलवून बघितली, गाठ बघितली, सगळं ठीक होतं. सर म्हणाले, "बांधणी बरोबर आहे तुझी. उजवी पोस्टेरियर कम्युनिकेटिंग बारीक असणार, नंतर उघडशील तेव्हा बघ." पोस्टेरियर कम्युनिकेटिंग म्हणजे त्या वर्तुळात कॅरोटिडला मागच्या आर्टरींशी जोडणारी फांदी, नंतर उघडल्यावर खरंच ती केसासारखी बारीक निघाली. पुस्तकात ते वर्तुळ नेहमी पूर्ण काढलेलं असतं, प्रत्यक्षात कितीतरी लोकांत एखादी बाजू बारीक असते किंवा नसतेच. आता याचं महत्त्व काय, तर एखाद्या पेशंटची एका बाजूची कॅरोटिड बंद करायची वेळ आली, म्हणजे ट्युमरने ती पूर्ण वेढलीय किंवा फाटलीय, तर तो माणूस ते सहन करेल का नाही हे याच जोडण्यांवर ठरतं. म्हणून तर बंद करायच्या आधी, पेशंट जागा असताना, कॅरोटिडमधे फुगा फुगवून बघतात की हातपाय चालताहेत का, बोलणं नीट आहे का.

धुणं झालं की रंग. आर्टरीत लाल सिलिकॉन, व्हेन्समधे निळं. ही पद्धत जगभर पसरली ती मुख्यतः फ्लोरिडा विद्यापीठातल्या अल्बर्ट रोटन यांच्यामुळे, 2016 मधे ते गेले, पण आज कुठल्याही देशातला न्युरोसर्जन स्कल बेस शिकला असेल तर कुठेतरी त्यांच्याच लाल-निळ्या फोटोंवर शिकलेला असतो. सिलिकॉनमधे ते पातळ करणारं थिनर आणि घट्ट करणारं कॅटलिस्ट मिसळतात, कॅटलिस्ट पडलं की घड्याळ सुरू. एक जण सिरिंज हळूहळू दाबतो, दुसरा समोरच्या कॅन्युलांवर नजर ठेवतो, जिथून लाल बाहेर आलं ती लगेच क्लॅम्प करायची आणि दाब चालू ठेवायचा म्हणजे बारीक फांद्यांतही रंग जातो. मानेच्या कापलेल्या भागातून बारीक बारीक ठिकाणी सिलिकॉन गळतं, तिथे आर्टरी फोर्सेप्स लावत सुटायचं. व्हेन्सचं काम वेगळं, कवटीच्या आतल्या सायनसमधे (नाकाचे सायनस नव्हे, मेंदूचं रक्त गोळा करणाऱ्या ड्युरातल्या, म्हणजे मेंदूवरच्या जाड आवरणातल्या, व्हेन्सच्या वाटा) झडपा नसतात त्यामुळे ज्युग्युलरमधून खालून वर भरलेलं निळं सिलिकॉन उलट दिशेने जाऊन पार डोळ्यामागच्या व्हेनपर्यंत पोचतं. याच वाटेने चेहऱ्याचं इन्फेक्शन आत कॅव्हर्नस सायनसपर्यंत, म्हणजे पिट्युटरीच्या दोन्ही बाजूंच्या सायनसपर्यंत, जाऊ शकतं, हे एमबीबीएसला लिहिलेलं वाक्य मला त्या निळ्या सिरिंजमुळे खऱ्या अर्थाने कळलं.

सिलिकॉन जमेपर्यंत आम्ही सुकी कवटी आणि सीटी घेऊन बसायचो. कवटीच्या खालून कॅरोटिड कॅनलमधे, म्हणजे कॅरोटिडच्या हाडातल्या बोगद्यात, मऊ वायर घालायची आणि ती कुठून बाहेर येते बघायची. वायर आधी सरळ वर जाते, मग काटकोनात वळून पुढे आणि मध्याकडे जाते, मग परत वर वळते. फोरामेन लॅसेरम नावाच्या तळातल्या भोकातून कॅरोटिड जाते असं बरेच जण परीक्षेत लिहून येतात, ती त्यातून जात नाही, त्याच्या वरून जाते. जिवंत माणसात ते भोक खालून कूर्चेसारख्या चिवट टिश्यूने बंद असतं. आणि ती चिवट गोष्ट पुढे नाकातून काम करताना फार महत्त्वाची ठरते कारण कॅरोटिड तिथे तिला घट्ट चिकटलेली असते.

कॅरोटिडच्या भागांना दोन उलटसुलट पद्धतींनी नंबर दिलेले आहेत, तो गोंधळ इथेच मिटवून टाकते. 1938 मधे फिशरने अँजिओग्राफीवरून कॅरोटिडचे भाग पाडले ते रक्ताच्या प्रवाहाच्या उलटे मोजले होते. 1996 मधे बूतिलिए आणि सहकाऱ्यांनी प्रवाहाच्या दिशेने सात भाग केले, मानेतला सी 1, हाडातला पेट्रस सी 2, लॅसेरम सी 3, कॅव्हर्नस सी 4, क्लिनॉइड सी 5, ऑफ्थॅल्मिक सी 6, कम्युनिकेटिंग सी 7. रेडिओलॉजिस्टशी बोलताना हेच वापरायचे. पण नाकातून जाणाऱ्या माणसाला हे नंबर दिसत नाहीत, त्याला दिसतो सेलाच्या (पिट्युटरी ज्या हाडाच्या खोबणीत बसते ती) बाजूचा वाक आणि तिच्याखालच्या क्लायव्हस नावाच्या उतरत्या हाडाच्या बाजूचा उभा उंचवटा, म्हणून एंडोस्कोपवाल्यांनी पॅराफॅरिंजियल, पेट्रस, पॅराक्लायव्हल, पॅरासेलर, पॅराक्लिनॉइड अशी शेजाऱ्यांच्या नावावरून नावं ठेवली. मला विचाराल तर ही नावं आधी शिका, नंबर नंतर, कारण ऑपरेशन करताना आपण शेजाऱ्यांना विचारतच पुढे जात असतो.

आता खरं डिसेक्शन. नाकातून शून्य डिग्रीचा, म्हणजे सरळ समोर बघणारा, एंडोस्कोप घेऊन आत गेलं की पहिली भेटते ती स्फेनोपॅलटाइन आर्टरी, मिडल टर्बिनेटच्या (नाकाच्या बाजूच्या भिंतीवरच्या मधल्या वळीच्या) मागच्या टोकाला, समोर हाडाची एक छोटी कड असते तिच्या लगेच मागे. तिची सेप्टमकडे (नाकाच्या मधल्या पडद्याकडे) जाणारी फांदी स्फेनॉइडच्या, म्हणजे नाकामागच्या हवेच्या पोकळीच्या, ऑस्टियमच्या (तोंडाच्या) खालून आडवी जाते आणि तिला जपायचं असतं, कारण शेवटी कवटीच्या तळाला पडलेलं भोक बुजवायला सेप्टमच्या म्युकोसाचा (आतल्या अस्तराचा) जो फ्लॅप वापरतात तो याच फांदीवर जगतो. 2006 मधे हदाद आणि बासागास्तेगी यांच्या नावाने तो फ्लॅप प्रसिद्ध झाला आणि नाकातून ड्युरा उघडायच्या ऑपरेशन्सनंतर मेंदूचं पाणी गळायचा प्रश्न बराच आटोक्यात आला. म्हणजे बघा, दोन मिलिमीटरची पण नसलेली एक आर्टरी सुरुवातीला तोडली की ऑपरेशनच्या शेवटी हातात काहीच उरत नाही. असं परिणाम उशिरा दाखवणारं बरंच काही या भागात आहे.

स्फेनॉइड उघडला. सरांचा आवाज, "थांब. ड्रिल ठेव खाली. आता कुठे आहेस ते सांग आधी."

मग सांगायचं. मधे सेलाचा फुगवटा, त्याखाली क्लायव्हसचा खड्डा, दोन्ही बाजूंना उभे उंचवटे म्हणजे पॅराक्लायव्हल कॅरोटिड, वर बाजूला ऑप्टिक नर्व्हचा (दृष्टीच्या नर्व्हचा) उंचवटा आणि ऑप्टिक आणि कॅरोटिड यांच्यामधे बाहेरच्या बाजूला एक खळगा, लॅटरल ऑप्टिकोकॅरोटिड रिसेस. हा खळगा म्हणजे ऑप्टिक स्ट्रट या हाडाच्या छोट्या खांबात आतून शिरलेली हवा. तो सापडला की आपण कुठे आहोत ते पक्कं होतं. आणि स्फेनॉइडमधले पडदे? ते मधोमध असतील असं अजिबात गृहीत धरायचं नाही. आमच्या डोक्यात एक पडदा तिरका जाऊन थेट डाव्या कॅरोटिडच्या हाडावर टेकला होता, सीटीत आम्ही तो आधीच पाहून ठेवला होता. असा पडदा फोर्सेप्सने धरून पिरगाळायचा नाही, त्याच्याबरोबर कॅरोटिडवरचं हाड निघून येऊ शकतं, ड्रिलने हळूहळू खाली न्यायचा. काही माणसांत तर कॅरोटिडवर हाडच नसतं, नुसता म्युकोसा आणि ड्युरासारखा पातळ थर.

यानंतरचं काम मला सगळ्यात सुंदर वाटतं, व्हिडियन नावाची बारीक नर्व्ह धरून कॅरोटिडपर्यंत जायचं. स्फेनॉइडच्या तळाशी बाहेरच्या बाजूला व्हिडियन कॅनलचं तोंड असतं, त्यातून ती नर्व्ह मागे जाते आणि मागे जाऊन बरोबर तिथे पोचते जिथे आडवी पेट्रस कॅरोटिड वळून उभी होते. ड्रिल फक्त कॅनलच्या खालच्या आणि आतल्या बाजूने चालवायचं, म्हणजे कॅरोटिडच्या खाली राहूनच आपण तिच्याजवळ पोचतो. डायमंड बर, भरपूर पाणी, हाड अंड्याच्या टरफलाइतकं पातळ होईपर्यंत घासायचं आणि मग डिसेक्टरने उचलायचं. पातळ झालेल्या हाडातून आधी गुलाबी छटा दिसायला लागली, मग लाल. कॅरोटिड अजून उघडी नव्हती पण ती कुठे आहे, कुठे वळणार आहे, तिची बाहेरची कड कुठे असेल हे मी बोटाने स्क्रीनवर दाखवू शकत होते, आणि हाड काढल्यावर ती तिथेच होती. त्या दिवशी मला कळलं की आर्टरी दिसल्यावर ओळखण्यात काही विशेष नाही, ती दिसायच्या आधी हाडं आणि नर्व्ह तिचा पत्ता सांगत असतात आणि स्कल बेस शिकणं म्हणजे निम्म्याहून जास्त हे पत्ते शिकणं आहे. खाली मानेकडे तेच काम युस्टेशियन ट्यूब (नाकामागून कानाकडे जाणारी नळी) करते, तिच्या मागे आणि बाहेर पॅराफॅरिंजियल कॅरोटिड. डोळ्याच्या खोबणीच्या आतल्या भिंतीवर एथमॉइडल आर्टरी, बाहेरून गेलो तर पुढच्या अश्रुकडेपासून (खोबणीच्या नाकाजवळच्या हाडाच्या कडेपासून) साधारण 24 मिलिमीटरवर पुढची, तिथून 12 वर मागची, आणि तिथून 6 वर ऑप्टिक कॅनल. आकडे माणसागणिक बदलतात पण क्रम बदलत नाही. पुढची एथमॉइडल अर्धवट तुटली तर तिचं टोक आखडून डोळ्याच्या खोबणीत जातं आणि तिथे रक्त साठून दृष्टी जाऊ शकते, म्हणून ती नीट कॉटरी किंवा क्लिप केल्याशिवाय कापायची नाही.

कॅव्हर्नस सायनसबद्दल थोडं जास्त लिहिते. शरीरात दुसरीकडे कुठेही एवढी मोठी आर्टरी व्हेनच्या रक्तातून वाट काढत जात नाही. सेलाच्या बाजूचा ड्युरा उघडला की निळं सिलिकॉन दिसतं, ते चिमट्याने कणाकणाने काढायचं आणि आत लाल कॅरोटिडचा वाक. तिच्या बाहेरच्या बाजूला अगदी चिकटून सिक्स्थ नर्व्ह (मेंदूतून निघणाऱ्या बारा नर्व्हना असे नंबर आहेत), ही एकटीच सायनसच्या पोकळीतून जाते, थर्ड, फोर्थ आणि फिफ्थची पहिली फांदी या बाहेरच्या भिंतीत असतात. म्हणून नाकाकडून, म्हणजे आतल्या बाजूने गेलं तर नर्व्हच्या आधी कॅरोटिड भेटते, आणि बाहेरून गेलं तर आधी नर्व्ह. एकाच जागेचे दोन वेगळे धोके, फक्त दिशा बदलली म्हणून. कितीतरी वर्षं ही जागा ऑपरेशन करण्यासारखी नाहीच असं मानलं जायचं, 1965 मधे ड्वाइट पार्किन्सन यांनी थेट तिथे जायची वाट दाखवली, फोर्थ आणि फिफ्थच्या मधला त्रिकोण अजून त्यांच्या नावाने ओळखतात. कॅरोटिडच्या मागच्या वळणावरून एक बारीक खोड निघतं, मेनिंगोहायपोफिजियल ट्रंक, त्याची एक फांदी पिट्युटरीला, एक टेंटोरियमला (मोठा आणि लहान मेंदू यांच्यामधल्या ड्युराच्या पडद्याला), एक क्लायव्हसच्या ड्युराला. मेनिंजिओमा, म्हणजे मेंदूच्या आवरणाचा ट्युमर, असला की याच केसाएवढ्या फांद्या फुगून ट्युमरला रक्त पुरवतात आणि अँजिओग्राममधे स्पष्ट दिसतात. आणि अपघातात कॅरोटिड इथे फाटली तर रक्त बाहेर न येता सायनसमधेच शिरतं, तिथून उलटं डोळ्याच्या व्हेनमधे, डोळा लाल होऊन पुढे येतो आणि नाडीबरोबर धडधडतो, कानाला स्टेथोस्कोपशिवायही पेशंटला आपल्याच डोक्यातला आवाज ऐकू येतो. हे सगळं एका बोटाच्या पेराएवढ्या जागेत.

दोन्ही बाजूचे सायनस सेलाच्या पुढून आणि मागून एकमेकांना जोडलेले असतात, आणि क्लायव्हसच्या मागे ड्युराच्या दोन थरांत बॅसिलर प्लेक्सस हे व्हेन्सचं जाळं पसरलेलं असतं. कॅडेव्हरमधे, म्हणजे देहदानातल्या डोक्यात, तो निळा जाडसर थर दिसतो, छान दिसतो. जिवंत माणसात क्लायव्हसचा ड्युरा उघडताना तिथूनच गडद रक्ताचा लोंढा येतो, दाब कमी असतो पण थांबत नाही, जेलफोमसारखं काहीतरी किंवा रक्त थांबवणारं फ्लोएबल हिमोस्टॅट ठेवून हलक्या हाताने दाबून धीर धरावा लागतो.

आर्टरीच्या रक्तस्रावाची तयारी वेगळी करून घेतली आमच्याकडून. यासाठी रंग न भरलेलं डोकं लागतं, कॅरोटिडला पंप जोडतात, लाल पाणी नाडीसारख्या ठोक्यांनी फिरतं, आणि मग मुद्दाम पॅरासेलर कॅरोटिडला भोक पाडतात. पहिल्या ठोक्याला स्क्रीन पूर्ण लाल. काहीच दिसत नाही. शेजारी उभा असलेला माझा सहकारी आपोआप स्कोप मागे घ्यायला गेला तर सर म्हणाले, "बाहेर नको येऊ. दुसऱ्या नाकपुडीत जा, धारेच्या बाजूला हो." दोन जाड सक्शन, एकाने धार एका बाजूला वळवायची, दुसऱ्याने भोकाची जागा शोधायची. तेवढ्यात तिसऱ्याने मांडीचा किंवा पोटाचा स्नायू घेऊन तो धातूच्या दोन पृष्ठभागांत चेचून तयार ठेवायचा, कारण चेचलेला स्नायू रक्त गोठवायला फार चांगली मदत करतो. तो भोकावर ठेवून काही मिनिटं दाबून धरायचा, हाताला कळ लागली तरी हलायचं नाही. या सगळ्यात अॅनेस्थेटिस्टशी मोठ्याने बोलत राहायचं, प्रेशर पाडून मागायचं नाही कारण मेंदूला दुसऱ्या बाजूने रक्त पोचायला प्रेशर लागतं. रक्त थांबलं म्हणजे संपलं असंही नाही, तिथून थेट अँजिओग्राफीला, आणि पुढेही परत परत, कारण तिथे खोटा अॅन्युरिझम, म्हणजे आर्टरीच्या भिंतीबाहेर रक्ताचा फुगा, तयार होऊन नंतर फुटू शकतो. पाणी होतं, माणूस नव्हता, तरी माझं हृदय एवढ्या जोरात धडधडत होतं की मला ते मास्कमधे ऐकू येत होतं. आमच्यापैकी प्रत्येकाने हे पुन्हा पुन्हा केलं आणि हळूहळू लाल स्क्रीन बघूनही हात शांत राहायला लागले. माझं ठाम मत आहे की नाकातून कॅरोटिडजवळ जाणाऱ्या प्रत्येकाला हा सराव सक्तीचा असावा.

वरून, मिडल फोसामधून (कवटीच्या तळाच्या मधल्या खड्ड्यातून), तीच कॅरोटिड परत भेटते. ड्युरा उचलत गेलं की आधी फोरामेन स्पायनोसम या छोट्या भोकात मिडल मेनिंजियल आर्टरी, ती बंद करून कापल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पण ही साधी वाटणारी आर्टरी फेशियल नर्व्हला एक फांदी देते, आणि काही लोकांत डोळ्याची आर्टरीच तिच्यापासून निघालेली असते, अशा माणसात तिच्यात एम्बोलायझेशनचे (ट्युमरचा रक्तपुरवठा बंद करायचे) कण सोडले तर डोळा जाईल, म्हणून आधी अँजिओग्राममधे बघायचं. पुढे ग्रेटर सुपरफिशियल पेट्रोझल नर्व्ह दिसते, तिच्या खाली आडवी पेट्रस कॅरोटिड, कधी हाडाखाली, कधी उघडी. नर्व्हच्या आतल्या बाजूला, फिफ्थची तिसरी फांदी, पेट्रस कडा आणि आर्क्युएट एमिनन्स हा हाडाचा उंचवटा यांच्यामधे न्युरोसर्जन कावासे यांचा चौकोन, 1985 मधे त्यांनी इथून हाड घासून बॅसिलर आर्टरीच्या (दोन व्हर्टिब्रल मिळून बनलेल्या आर्टरीच्या) खालच्या भागापर्यंत जायची वाट सांगितली. या चौकोनाच्या एका कोपऱ्यात कॉक्लिया (ऐकण्याचा शंख), दुसरीकडे कॅरोटिड, मागे इंटर्नल ऑडिटरी कॅनल (ऐकण्याच्या नर्व्हचा बोगदा). नाकातून जी कॅरोटिड आपल्या वर होती ती इथे खाली असते, डोक्यात नकाशा उलटा फिरवावा लागतो, आणि ते जमायला मला एकाच डोक्यावर दोन्ही बाजूंनी काम करायचा सगळ्यात जास्त उपयोग झाला.

मागच्या भागासाठी, म्हणजे ब्रेनस्टेम आणि लहान मेंदूच्या बाजूसाठी, रोटन यांचा तीनचा नियम पाठ करून ठेवा. वर सुपिरियर सेरेबेलर आर्टरी आणि तिच्याबरोबर थर्ड, फोर्थ, फिफ्थ. मधे आयका (अँटिरियर इन्फिरियर सेरेबेलर आर्टरी), तिच्याबरोबर सिक्स्थ, सेव्हन्थ, एट्थ. खाली पायका (पोस्टेरियर इन्फिरियर सेरेबेलर आर्टरी) आणि नाइन्थ ते ट्वेल्थ. एक सापडलं की बाकीचे कुठे शोधायचे ते कळतं. आयकाची एक वळी कधी कधी ऑडिटरी कॅनलच्या आतच शिरलेली असते आणि कानाच्या आतल्या भागाला जाणारी तिची फांदी एंड आर्टरी असते, ती गेली की ऐकू येणं गेलं.

आणि ज्युग्युलर फोरामेन, म्हणजे ज्युग्युलर व्हेन कवटीतून बाहेर पडते ते भोक. ग्लोमस ट्युमरच्या (इथे वाढणाऱ्या, भरपूर रक्त असलेल्या ट्युमरच्या) ऑपरेशनमधे वरून सिग्मॉइड सायनस (कानामागून ज्युग्युलरकडे उतरणारा) बंद केला, खालून ज्युग्युलर बांधली, मधला बल्ब (ज्युग्युलरचा फुगीर वरचा भाग) उघडला, तरी रक्त येतं. कुठून? इन्फिरियर पेट्रोझल सायनस बल्बच्या आतल्या भिंतीत येऊन मिळतो, बऱ्याचदा एकापेक्षा जास्त तोंडांनी. कॅडेव्हरमधे मी बल्बमधलं निळं सिलिकॉन अख्खं बाहेर काढलं तेव्हा त्याच्या आतल्या बाजूला बारीक निळी शेपटं लटकत होती, तीच ही तोंडं. ती बंद करताना पॅकिंग कोंबायचं नाही, कारण तिथेच नाइन्थ, टेन्थ, इलेव्हन्थ चिकटून असतात, रक्त थांबेल पण माणूस गिळू शकणार नाही.

व्हेन्सबद्दल माझं मत मात्र लॅबपेक्षा ऑपरेशन थिएटरमधे जास्त बदललं. कॅडेव्हरमधली व्हेन निळ्या सिलिकॉनने फुगलेली, टणक, फोटोत सुरेख. जिवंत माणसात ती मऊ, मेंदू बाजूला धरणाऱ्या रिट्रॅक्टरखाली चपटी होऊन दिसेनाशी होते, आणि तुटली तर त्या क्षणी थोडं रक्त येऊन थांबतंही. त्याचा परिणाम नंतर कळतो, काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी, मेंदूचा तो भाग सुजतो, त्यात रक्त उतरतं. आर्टरीसारखा व्हेनचा पत्ता हाडं देत नाहीत, किंवा अर्धवटच देतात. उजवा ट्रान्सव्हर्स सायनस (डोक्याच्या मागून आडवा येऊन सिग्मॉइडला मिळणारा) बहुतेकांत मोठा असतो पण सगळ्यांत नाही. लॅबेची व्हेन टेंपोरल लोबवरून येऊन बहुधा ट्रान्सव्हर्स सायनसला मिळते, पण कधी आधीच टेंटोरियममधे शिरते, कधी सुपिरियर पेट्रोझल सायनसकडे. कानामागे मास्टॉइडची एमिसरी (हाडातून आरपार जाणारी) व्हेन कुणाला सुईएवढी, कुणाला पेन्सिलएवढी, आणि पेशंट बसलेल्या पोझिशनमधे असला तर ती उघडी राहून हवा आत ओढली जाते. हे त्या त्या माणसाचा स्कॅनच सांगतो, दुसरं कुणी नाही.

डाव्या बाजूच्या पेट्रोक्लायव्हल (पेट्रस हाड आणि क्लायव्हस यांच्या सांध्यावरच्या) मेनिंजिओमाची एक पेशंट होती, शिक्षिका, बोलणं हेच तिचं काम. ट्युमरचा आकार आणि जागा बघून पेट्रोझल अॅप्रोच ठरला होता, म्हणजे सिग्मॉइडच्या पुढचं हाड काढायचं, सुपिरियर पेट्रोझल सायनस बांधून कापायचा, टेंटोरियम कापायचं आणि समोर ट्युमर. एमआरआय सगळ्यांनी पाहिला होता. आदल्या संध्याकाळी सीटी व्हेनोग्राम घेऊन मी आणि सर बसलो. उजवा ट्रान्सव्हर्स सायनस दोऱ्यासारखा, जवळपास सगळं रक्त डावीकडून खाली येत होतं. आणि डावी लॅबे ट्रान्सव्हर्सपर्यंत न जाता आधीच टेंटोरियममधे उतरून सुपिरियर पेट्रोझल सायनसच्या मागच्या टोकाला मिळत होती. म्हणजे आम्ही जे दोन कट ठरवले होते ते बरोबर तिच्या बाहेर जायच्या वाटेवर येत होते, आणि तेही बोलण्याची बाजू. सर बराच वेळ स्लाइस पुढे मागे करत राहिले आणि म्हणाले, "टेंटोरियमला हात लावायचा नाही. मागून जाऊ, जेवढा निघेल तेवढा काढू."

रेट्रोसिग्मॉइडने, म्हणजे सिग्मॉइडच्या मागून, गेलो. कवटी उघडताना सिग्मॉइडच्या कडेचं हाड डायमंड बरने, पूर्ण वेळ पाणी. आत पेट्रोझल व्हेन ताणलेली होती, ती न तोडता तिच्या वरून आणि खालून आलटून पालटून काम केलं, त्याला खूप जास्त वेळ लागला. सिक्स्थ नर्व्ह तिच्या डोरेलो कॅनल या अरुंद वाटेपाशी ट्युमरमधून सोडवली. वरचा, टेंटोरियमच्या पलीकडचा आणि कॅव्हर्नस सायनसमधला भाग मुद्दाम ठेवला. संध्याकाळी पेशंटला जागं केल्यावर तिने सरांना विचारलं की सगळा निघाला का, आणि सरांनी तिला स्पष्ट सांगितलं की नाही, आणि का नाही ते कागदावर व्हेन काढून दाखवलं. राहिलेल्या भागाला पुढे रेडिएशन दिलं. ती परत शिकवायला लागली आहे आणि दर वर्षी एमआरआय घेऊन येते, तेव्हा मी ट्युमर मोजायच्या आधी तिच्या डाव्या लॅबेत रक्त वाहतंय ना ते बघते.